कालव्याआधी माणसांशी बोलावे

खंडाळा म्हटले की बहुतेकांना लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याच्या वाट्याला तशी कीर्ती आली नाही. त्याच्या वाट्याला प्रकल्प आले. उत्तरेच्या सीमेवर नीरा नदी आणि तिच्यावरचे वीर धरण, दक्षिणेला खंबाटकीचा डोंगर आणि त्यातून काढलेला बोगदा, मधोमध पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्याच्या दोन्ही अंगांना शिरवळपासून पसरत गेलेल्या औद्योगिक वसाहती, असे या तालुक्याचे आजचे रूप आहे. त्यातच नीरा-देवघरचा उजवा कालवा याच भूमीतून आखलेला आणि धोम-बलकवडीचे कृष्णाखोऱ्यातील पाणीही इकडेच वळवलेले. एवढ्या लहान मुलखावर एवढ्या योजनांचे दगड आणि खुंटे क्वचितच रोवले गेले असतील. प्रत्येक योजनेबरोबर एक नवे खाते आले, नवा साहेब आला, नवा ठेकेदार आला आणि नव्या नोटिसा आल्या. या योजनांच्या उपयुक्ततेबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. पर्जन्यछायेतल्या या भागाला पाणी हवे होते, तरुणांना कामे हवी होती आणि घाटातल्या वाहतुकीला वाट हवी होती. परंतु योजना उपयुक्त असणे आणि ती नीट पार पडणे या दोन गोष्टींमध्ये जे अंतर राहते, त्याची चर्चा मात्र होत नाही.

२०१८ च्या जानेवारीत याच तालुक्यातील शेतकरी औद्योगिक वसाहतीच्या भूसंपादनाविरुद्ध अर्धनग्न अवस्थेत पायी मुंबईकडे निघाले होते. मंत्रालयावर जायचे म्हणून निघालेला हा मोर्चा मुंबईच्या वेशीवर अडवला गेला. मागण्यांपैकी कोणती रास्त होती आणि कोणती नव्हती, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच. तहसील कचेरी, प्रांताची कचेरी आणि जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी ही सर्व ठिकाणे जवळ असताना ज्या माणसाला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी अंगावरचे कपडे उतरवून मंत्रालयाची वाट धरावी लागते, त्याच्याशी वाटेतल्या एकाही टेबलावर कोणी समजेल असे बोलले नाही, अशी त्याची खात्री झालेली असते. ही खात्री चुकीची असली तरी ती निर्माण झाली, हेच मुळात प्रशासनाचे अपयश होय.

प्रकल्पांच्या विलंबाचे अहवाल वाचले तर कारणांची एक ठराविक मालिका आढळते: निधीची कमतरता, वनखात्याची परवानगी, भूसंपादनातील अडचणी आणि स्थानिकांचा विरोध. यातील शेवटचे कारण लिहिणे सर्वांत सोपे असते, कारण त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येत नाही. पाऊस किंवा कठीण खडक लागावा तसा ‘विरोध’ लागला, असा त्या भाषेचा सूर असतो. खडक फोडायला सुरुंग कुठे आणि किती खोल लावायचा, याचे शास्त्र अभियंत्याला चार वर्षे शिकवले जाते. ज्याच्या बांधावरून कालवा जाणार आहे त्याच्या ओट्यावर बसून काय बोलायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय ऐकायचे, हे त्याला कोणीच शिकवत नाही. ते ज्याचे त्याने अनुभवाने शिकावे, असे गृहीत धरले जाते. या शिक्षणाची फी मात्र शेतकरी आणि सरकारी तिजोरी या दोघांना भरावी लागते.

तक्ता आणि माणूस

प्रकल्पाच्या व्यवस्थापनाचे शास्त्र फारसे जुने नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हेन्री गँट याने कामांचे पट्टे दाखवणारे तक्ते लोकप्रिय केले. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धत तयार केली आणि त्याच सुमारास ड्यू पाँट कंपनीने निर्णायक मार्गाचा हिशेब मांडण्याची रीत बसवली. या तंत्रांमुळे हजारो कामे एकमेकांशी कशी निगडित आहेत, हे कागदावर दिसू लागले. आज या सर्व गोष्टी संगणकावर होतात आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेला उपअभियंताही त्या सहज वापरतो. तक्त्यात प्रत्येक कामापुढे दिवस लिहिलेले असतात. ‘भूसंपादन: १८० दिवस’ या एका ओळीत शेकडो खातेदार, त्यांच्या भाऊबंदक्या, सातबाऱ्यावर न लागलेल्या वारसनोंदी, विहिरीची राहिलेली मोजणी, आंब्याच्या झाडाची किंमत आणि मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला तुकडा हे सर्व बसवलेले असते. ते बसत नाही आणि मग तक्ता चुकतो.

फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवले. रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली, तर ते काम आणखी रखडते. कारण माणसे वाढली की त्यांना एकमेकांशी बोलावे लागते आणि बोलण्याच्या वाटा माणसांच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढतात. पाच माणसांत अशा दहा वाटा असतात, तर वीस माणसांत १९०. हा हिशेब कालव्याला लावून पाहण्याजोगा आहे. कार्यकारी अभियंता, भूसंपादन अधिकारी, भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार, वनखाते, विजेचे खांब हलवणारी वीज कंपनी, मुख्य ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, तहसीलदार, तलाठी, ग्रामपंचायत, पोलीस आणि खातेदार असे केवळ बारा पक्ष धरले, तरी संवादाच्या ६६ वाटा होतात. यांपैकी किती वाटा प्रत्यक्षात वापरात असतात? बहुतेक ठिकाणी पत्राचा ‘जावक क्रमांक’ पडला की निरोप पोचला, असे समजले जाते. पत्र पोचणे आणि अर्थ पोचणे यांत जो फरक आहे, तो कचेरीच्या नोंदवहीत दिसत नाही. तो वर्षभराने कामावर आलेल्या जमावात दिसतो.

नोटिशीची भाषा

भूसंपादनाच्या नोटिशीचे उदाहरण घ्यावे. १८९४ चा कायदा असो, औद्योगिक वसाहतींसाठी वापरला जाणारा महाराष्ट्राचा १९६१ चा कायदा असो, की त्यानंतरचा २०१३ चा केंद्रीय कायदा असो, प्रत्येकाने बाधित व्यक्तीला कळवणे आणि तिचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले आहे. कायद्याच्या दृष्टीने नोटीस बजावली की हे काम संपते. ती नोटीस ‘ज्याअर्थी’ने सुरू होते, मध्ये तीन कलमे आणि दोन राजपत्रे ओलांडते आणि ‘त्याअर्थी’पाशी येईपर्यंत वाचणारा थकलेला असतो. आपली जमीन जाणार, एवढेच त्याला कळते. किती गुंठे जाणार, विहीर वाचणार की नाही, उरलेल्या तुकड्याकडे जायला वाट राहील का, पैसे कधी मिळणार, हरकत कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे घ्यायची, हे त्याला गावातला एखादा जाणता किंवा तालुक्याचा दलाल सांगतो. दलालाचा धंदा चालतो तो अधिकाऱ्याच्या मौनावर.

हीच माहिती पाच वाक्यांत देता येते. ‘तुमच्या अमुक गटातील इतके गुंठे कालव्यासाठी लागणार आहेत. विहीर आणि घर यांना धक्का लागणार नाही. मोजणी अमुक तारखेला सकाळी आहे, त्या वेळी शेतात हजर राहावे. हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत अमुक कचेरीत द्यावी, तिची पोच मिळेल. शंका असल्यास दर बुधवारी चावडीवर अमुक अधिकारी बसतील.’ कायद्याची नोटीस तिच्या भाषेत खुशाल असू द्यावी, परंतु तिच्यासोबत असा एक साधा कागद जोडायला कोणता कायदा आड येतो? त्यासाठी वेगळा निधी लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही. नोटिशीचे काम तिचा अर्थ समजल्यावर संपते, असे मानणारा अधिकारी मात्र लागतो.

प्रत्यक्ष बोलण्याचेही असेच आहे. एखाद्या गावी जीप थांबते, साहेब खाली न उतरता विचारतात, ‘हा गट कोणाचा?’ आणि वयाने वडील असलेला शेतकरी हात जोडून उभा राहतो. पुढची दोन वर्षे त्या गावात काय होणार, हे या पहिल्या दोन मिनिटांत ठरून जाते. उलट ‘आबा, दगड रोवण्याआधी तुमचं शेत एकदा तुमच्यासंगं फिरून बघतो’, असे म्हणून जो बांधावरून चालतो, त्याला नकाशात नसलेल्या चार गोष्टी कळतात. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी कुठून चढते, जुनी पाइपलाइन कुठून गेली आहे, दोन भावांत वाटणी झाली असली तरी कागदावर कशी आलेली नाही आणि मार्ग दहा फुटांनी सरकला तर कोणाची विहीर वाचते, या त्या गोष्टी. यातील एखादी गोष्ट आधी समजली तर पुढे न्यायालयातील एखादा दावा वाचतो. माणसांशी वागण्याचे कौशल्य हे सौजन्याचे शोभेचे फूल नसून आखणीचेच एक साधन आहे, हे समजले पाहिजे.

हे कौशल्य पुरुष खातेदारांपुरते राहून चालणार नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी याच तालुक्यातील नायगावी झाला. ज्या भूमीने स्त्रीशिक्षणाची प्रवर्तक दिली, त्या भूमीतल्या जमिनीच्या बैठका दुपारी चावडीवर, केवळ पुरुषांच्या घोळक्यात होणार असतील, तर ते शोभणारे नाही आणि व्यवहारालाही धरून नाही. सातबाऱ्यावर नाव असलेली बहीण सासरी असते, विधवा सून हक्कदार असते आणि पाण्याची वाट बंद झाली तर हंडा घेऊन लांब जाणारीही स्त्रीच असते. तिला विचारलेले नसेल, तर संमती मिळाली असे म्हणता येत नाही.

वाईट बातमी वर जाते का?

संवादाचा दुसरा आणि अधिक धोक्याचा भाग खात्याच्या आतला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुणे शहराच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. धरणाचे काम नियोजित वेळेच्या आधी संपवण्याची घाई झाली होती आणि अपुऱ्या बांधकामावर त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. धोका आदल्या दिवशीच लक्षात आला होता. सैनिकांनी वाळूची पोती टाकून रात्रभर बांध सावरला. परंतु खाली वसलेल्या नागरिकांपर्यंत ती बातमी वेळेत आणि नीट पोचली नाही. धरणाच्या भिंतीइतकीच त्या दिवशी माणसामाणसांतली निरोपाची साखळीही तुटली होती.

पुढे पाव शतकाने, २८ जानेवारी १९८६ रोजी, अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीत रबरी कड्या नीट बसणार नाहीत, म्हणून उड्डाण पुढे ढकलावे, असे त्या कड्या असलेले रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. त्यांच्याच व्यवस्थापकांनी ते मत मागे घेतले आणि अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत त्या आक्षेपाची तीव्रता पोचलीच नाही. चौकशी आयोगाने तांत्रिक दोषाबरोबरच निर्णयाच्या पद्धतीतील या दोषावर बोट ठेवले. पानशेत आणि चॅलेंजर यांच्यात तंत्राचे काहीही साम्य नाही. खालच्या माणसाला दिसलेला धोका वरच्या माणसाच्या वेळापत्रकाला गैरसोयीचा ठरला, एवढेच साम्य आहे आणि ते पुरेसे आहे.

महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या कामावरील आढावा बैठकीचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मंत्री किंवा सचिव विचारतात, ‘जूनपर्यंत पाणी सोडणार ना?’ शाखा अभियंत्याला ठाऊक असते की पुलाचे काम डिसेंबरशिवाय संपत नाही. परंतु उपअभियंता ‘प्रयत्न आहे’ म्हणतो, कार्यकारी अभियंता ‘बहुतेक होईल’ म्हणतो आणि अधीक्षक अभियंत्याच्या तोंडी ते ‘होय साहेब’ होऊन बाहेर पडते. त्या ‘होय’चे दुसऱ्या दिवशी भाषण होते, भाषणाची बातमी होते आणि बातमी वाचून शेतकरी ऊस लावतो. खोटे कोणीच बोललेले नसते; प्रत्येक पायरीवर सत्य थोडे पातळ झालेले असते. जो वरिष्ठ ‘नाही’ हे उत्तर शांतपणे ऐकून घेऊ शकतो, त्यालाच खरी माहिती मिळते. जो ‘नाही’ म्हणणाऱ्याची बदली करतो, त्याला पुढे केवळ आनंदाच्या बातम्या मिळतात आणि काम मात्र रखडते.

नीरा-देवघरचे उदाहरण बोलके आहे. या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ११.७३ अब्ज घनफूट आहे आणि त्यात पाणी साठू लागून दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. धरण भरत राहिले, परंतु खंडाळा, फलटण आणि माळशिरस या तालुक्यांकडे जाणाऱ्या उजव्या कालव्याची कामे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. यात निधीचा वाटा मोठा होता, हे मान्यच केले पाहिजे. गोड बोलण्याने कालवा खोदला जात नाही. परंतु ‘यंदा पैसे नाहीत, काम या ठिकाणी थांबले आहे, ते पुन्हा सुरू होण्यास किमान इतकी वर्षे लागतील’, असे जर शेतकऱ्याला स्पष्ट सांगितले, तर तो विहीर खोदायची की पोराला शिरवळच्या कारखान्यात पाठवायचे, हा निर्णय स्वतः घेऊ शकतो. ‘पुढच्या वर्षी पाणी’ हे महाराष्ट्रातील प्रत्येक लाभक्षेत्राने ऐकलेले वाक्य त्याच्याकडून तो निर्णय काढून घेते. वाईट बातमी वेळेवर सांगणे ही माणसाची केलेली कदरच असते.

दोन धडे

बोलण्याने काय साधते याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. नीरेपलीकडच्या पुरंदर तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथील गावाचे नावही नायगावच. देवस्थानच्या माळावर त्यांनी आधी पाणी अडवून दाखवले आणि मग गावकऱ्यांशी पाण्याच्या वाटपाचे नियम ठरवले. पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी मिळेल, कुटुंबामागे ठराविक मर्यादेपलीकडे मिळणार नाही, भूमिहीनालाही वाटा असेल, ऊस लावायचा नाही आणि खर्चाचा काही हिस्सा सभासदांनी स्वतः घालायचा, असे ते नियम होते. यातला प्रत्येक नियम कोणाच्या ना कोणाच्या हितसंबंधाला बोचणारा होता. तरीही ते मान्य झाले, कारण पंप बसवण्याच्या आधी बैठका झाल्या. सांगली जिल्ह्यात १९८० च्या दशकात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या शेतकऱ्यांनी बळीराजा धरण उभे केले, तेव्हाही समन्यायी वाटपाचा विचार भिंतीबरोबरच बांधला गेला होता. या कामांचा आकार लहान होता आणि त्यामुळे ती सोपी होती, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कोकण रेल्वेकडे पाहावे.

१९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा लोहमार्ग १९९८ मध्ये पुरा केला. सुमारे ४२ हजार जमीनमालकांकडून जमीन घ्यावी लागली. कोकणात रेल्वेची आस जुनी होती, हे खरे. परंतु अभियंत्यांनी स्वतः गावोगावी जाऊन लोकांशी बोलणे केले, याचाही त्या वेगात मोठा वाटा होता. याच प्रकल्पाला गोव्यात मात्र मार्गाच्या प्रश्नावरून तीव्र विरोध झाला, १९९३ मध्ये केंद्राला चौकशीसाठी न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला आणि काही महिने काम थांबले. तंत्र तेच होते आणि माणसेही तीच होती. खाजण जमिनी आणि जुनी वस्ती यांविषयीची गोवेकरांची चिंता आखणीच्या आधी ऐकायला हवी होती. ती आखणीच्या नंतर ऐकावी लागली.

गोड बोलण्याचा धोका

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संवादकौशल्य म्हणजे जमीन अधिक अलगद काढून घेण्याची कला, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. त्यांची तक्रार कोणी नीट बोलले नाही एवढीच नव्हती. त्यांना विचारण्याचा प्रश्नच सत्तेच्या मनात आला नव्हता. कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली आणि महाराष्ट्राचे कारखाने उजळले, परंतु त्या धरणासाठी उठलेल्या गावांतील कुटुंबांची पुढची पिढीही पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन आंदोलनाला बसलेली महाराष्ट्राने पाहिली आहे. अशा माणसांसमोर हसतमुख अधिकारी पाठवणे ही त्यांची थट्टाच ठरेल.

हा आक्षेप योग्य आहे आणि संवादाची खरी कसोटी त्यातूनच हाती येते. ऐकून घेतल्यावर जर काहीही बदलण्याची मुभा नसेल, तर ते ऐकणे नाटक ठरते. जनसुनावणीत शंभर हरकती नोंदवल्या आणि आराखड्यात एक रेषही हलली नाही, तर लोक दुसऱ्या सुनावणीला येत नाहीत. ते रस्त्यावर येतात. म्हणून प्रकल्पाच्या प्रमुखाला बोलण्याच्या प्रशिक्षणाबरोबर थोडा अधिकारही द्यावा लागेल. मार्ग काही फूट सरकवणे, शेताकडे जायला मोरी किंवा पूल देणे, पीक निघेपर्यंत काम थांबवणे, विहिरीची किंमत जागेवर पुन्हा तपासून घेणे या गोष्टी त्याच्या सहीने व्हायला हव्यात. न्याय्य मोबदला आणि पुनर्वसन यांना संवाद हा पर्याय नाही. मात्र मोबदला देऊनही मने दुखावलेली राहतात, ती बहुधा संवादाच्या अभावी.

कामावरची माणसे

प्रकल्पाची माणसे म्हणजे केवळ शेतकरी नव्हेत. बोगदा, पूल आणि कारखान्यांच्या बांधकामावर आज बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले मजूर असतात. त्यांना कामाचा हुकूम मुकादमाकडून मिळतो, मुकादमाला पोटठेकेदाराकडून आणि सुरक्षेच्या सूचनांचा फलक अनेकदा इंग्रजीत असतो. दरड सैल झाली आहे किंवा पालखाचा बांबू हलतो आहे, हे सर्वांत आधी दिसते ते या मजुराला. त्याने ते कोणाला सांगायचे आणि सांगितल्यावर त्याचा दिवस बुडणार नाही याची हमी कोणाची, हे ठरलेले नसेल, तर सुरक्षेचे नियम पुस्तकातच राहतात. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे मजुरांना समजणाऱ्या भाषेत आजचे काम आणि आजचा धोका सांगणे आणि त्यांचे म्हणणे विचारणे, ही रीत चांगल्या ठेकेदारांनी स्वीकारली आहे. ती सर्वत्र सक्तीची व्हावी.

उपाय अवघड नाहीत. पहिला, प्रत्येक प्रकल्पावर दिलेल्या आश्वासनांची एक नोंदवही असावी. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कोणी, कोणाला काय कबूल केले, हे तिच्यात लिहावे आणि तिची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. आपल्याकडे अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते आणि त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो. नवा साहेब ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो आणि ते खरेही असते. कार्यभार देताना चाव्या आणि फायली मोजून देतात, तशी ही वहीही सही करून द्यावी. दुसरा, आखणी अंतिम होण्यापूर्वी अभियंत्याने खातेदारांसह ती संपूर्ण पायी चालावी आणि त्या पाहणीचे टिपण मराठीत गावात वाचून दाखवावे. तिसरा, गावाला एकच नाव आणि एकच वार ठाऊक असावा, त्या दिवशी तो अधिकारी तेथे बसावाच. आज मोबाइलवर निरोपांचे गट झाले आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु गटावर टाकलेला संदेश हा कचेरीतल्या जावक क्रमांकाचाच नवा अवतार ठरू नये. चौथा, आढावा बैठकीत ‘काय झाले’ याआधी ‘काय बिघडले’ हा प्रश्न विचारला जावा आणि सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने प्रथम बोलावे.

यासाठी संस्था नव्याने काढण्याची गरज नाही. संभाजीनगरची वाल्मी १९८० पासून पाणी आणि जमीन व्यवस्थापनाचे शिक्षण देत आहे, नाशिकला अभियंत्यांची प्रबोधिनी आहे, पुण्याला यशदा आहे. तेथील अभ्यासक्रमांत या विषयाला स्थान असेलच. परंतु वर्गात बसून संवादावर व्याख्यान ऐकणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकण्यासारखे आहे. नव्या अभियंत्याला रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे तलाठ्याबरोबर आणि मोजणीदाराबरोबर फिरवावे, एखाद्या धरणग्रस्त वसाहतीत राहायला पाठवावे आणि त्याने तेथे काय ऐकले, याचे टिपण त्याच्याकडून लिहून घ्यावे. गोपनीय अहवालात घनमीटर आणि खर्च झालेली रक्कम यांबरोबरच त्याच्या कामावरील किती तक्रारी चर्चेने मिटल्या, याचीही नोंद व्हावी. ज्या गोष्टीची नोंद होत नाही, तिच्यासाठी सरकारी नोकरीत कोणी घाम गाळत नाही.

महाराष्ट्राने धरणे बांधण्याचे शास्त्र चांगले आत्मसात केले आहे. भाटघरपासून कोयनेपर्यंतच्या भिंती त्याची साक्ष देतात. पुढच्या काळात नवे कालवे बंद नळातून जातील, बोगदे अधिक रुंद होतील आणि महामार्ग अधिक वेगवान होतील. परंतु ते जातील त्याच माणसांच्या शेतांतून आणि दारांवरून आणि ही माणसे आता पूर्वीसारखी हात जोडून उभी राहणारी नाहीत. त्यांना कायदा कळतो, बाजारभाव कळतो आणि आपल्याला कोण टाळतो आहे हेही कळते. खंडाळ्याच्या माळावर पुढचा दगड रोवायला जो अभियंता जाईल, त्याने नकाशाची गुंडाळी उलगडण्यापूर्वी शेताच्या मालकाशी अर्धा तास बोलावे. तो अर्धा तास कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नसतो आणि तो न दिल्यामुळे गेलेली वर्षेही कोणत्या तक्त्यात दिसत नाहीत.